कृष्णविवराभोवतीचे तारे आणि तांडेलाच्या खुणा

प्रश्न विचारणारे देवगडजवळचे आहेत, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. त्यांच्याकडे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे, आणि जुन्या डीएसएलआरमधला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर त्यांनी काढून घेतलाय. त्यांचं म्हणणं असं: "आकाशगंगेच्या मधोमध असलेल्या कृष्णविवराभोवती तारे फिरतानाचा व्हिडिओ पाहिला. ते निरीक्षण इन्फ्रारेडमध्ये केलंय म्हणतात. आमच्या कातळाच्या सड्यावर रात्री मिट्ट काळोख असतो. मग माझ्या कॅमेऱ्याने तो एस२ तारा टिपता येईल का? आणि तो व्हिडिओ खरा, की कॉम्प्युटरवर बनवलेला?"

आधी सरळ उत्तर देतो. एस२ टिपता येणार नाही. तुमच्या दुर्बिणीने नाही, तिच्या दहापट महागड्या दुर्बिणीनेही नाही. व्हिडिओबद्दल मात्र "खरा" आणि "बनवलेला" ही दोन्ही उत्तरं थोडी थोडी बरोबर आहेत. त्याकडे शेवटी येतो.

तुमच्या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे, तिच्यासाठी हे एवढं लांब लिहितोय. इन्फ्रारेड दिसायला लागलं की तारे दिसले, आणि तारे दिसले की त्यांच्या कक्षा कळल्या, असं तुम्ही धरून चाललाय. मी वीसेक वर्षं इन्फ्रारेड कॅमेऱ्यांच्या प्रतिमांवर काम केलं, आता गावी आंब्याची बाग बघतो. माझा अनुभव असा की इन्फ्रारेडने फक्त दार उघडतं. आत गेल्यावर कोण नेमकं कुठे उभं आहे, आणि कालपासून किती सरकलं, हे सांगणं वेगळंच काम आहे. या ताऱ्यांच्या अभ्यासाला २०२० मध्ये नोबेल मिळालं ते त्या दुसऱ्या कामाला, असं मी तरी मानतो.

तरी दारापासूनच सुरुवात करू. एप्रिलच्या मध्यावर पहाटे पावणेपाचच्या सुमारास सड्यावर जा आणि दक्षिणेकडे तोंड करा. विंचवाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, बरोबर समोर असेल. नांगीच्या टोकापासून उत्तरेकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा किंचित कमी अंतर मोजा. तिथेच सॅजिटेरियस ए-स्टार, म्हणजे ते केंद्रातलं कृष्णविवर. देवगडहून ते क्षितिजापासून ४४-४५ अंश वर येतं. हवाईतल्या मौना कीवर, जिथून केक दुर्बिणींनी एस२चा माग काढला, तिथे ते याहून थोडं खालीच राहतं. म्हणजे अक्षांशाच्या बाबतीत तुम्ही केकच्या पुढे आहात! पंचाईत ऋतूची आहे. हे केंद्र मध्यरात्री सगळ्यात उंच येतं ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तोवर आपल्याकडे पाऊस लागलेला असतो. त्यामुळे कोकणातून ते बघायचं तर मार्च ते मेच्या पहाटे, नाहीतर पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात तिन्हीसांजेला नैर्ऋत्येला.

डोळ्यांना तिथे काही दिसणार नाही. आपण आणि केंद्र यांच्यात सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांचं अंतर आहे आणि वाटेत धूळ आहे. धूळ म्हणजे ट्रक गेल्यावर उडते ती नव्हे. सिलिकेट आणि कार्बनचे धुराच्या कणांएवढे बारीक कण. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्या कणांच्या आकाराजवळची, म्हणून तो अडतो. तिकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या साधारण लाख कोटी प्रकाशकणांतला (फोटॉनांतला) एक इथवर पोचतो. तरंगलांबी वाढवत २.२ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गेलात की दहातला एक पोचतो. लाख कोटींतला एक आणि दहातला एक, एवढा फरक! १९६८ साली बेकलिन आणि नॉयगेबाउअर यांनी आकाशगंगेचं केंद्र पहिल्यांदा इन्फ्रारेडमध्ये टिपलं ते याच जोरावर.

तुमचा फिल्टर काढलेला कॅमेरा इथेच अडतो. त्याचा सेन्सर सिलिकॉनचा, आणि सिलिकॉन १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळं होतं. एक मायक्रॉनला त्या धुळीतून लाखातला एखादाच प्रकाशकण सुटतो. इनगॅस नावाचे सेन्सर १.७ मायक्रॉनपर्यंत बघतात. पैसे मोजायची तयारी असेल तर त्यांनी केंद्राजवळचे एक-दोन तेजस्वी लाल राक्षसी तारे ढोबळ उमटतील. एस२ तरीही नाही.

खऱ्या २.२ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याचं दुखणं आणखी निराळं. आंब्याच्या आढीत हात घातला की आतली ऊब लागते ना? या तरंगलांबीच्या आसपास सगळं जगच त्या आढीसारखं होऊ लागतं. दुर्बिणीची नळी, आरसा, आरशावरची धूळ, घुमटाची भिंत, शेजारी उभे असलेले तुम्ही, सगळेच चमकता. म्हणून सेन्सर द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवतात, उणे दोनशे अंशांच्या जवळपास. शिवाय आकाशसुद्धा उजळ असतं: वरच्या हवेतले हायड्रॉक्सिलचे रेणू रात्रभर मंद झळकतात आणि ती झळक मिनिटामिनिटाला बदलते. ती वजा करायची तर शेजारच्या रिकाम्या आकाशाचा फोटो घ्यावा लागतो. केंद्राजवळ रिकामं आकाश आणायचं कुठून? तिथे ताऱ्याला तारा चिकटलेला. मग दुर्बीण बाजूला नेऊन एखाद्या काळ्या धूळढगावर रोखायची, तिथला फोटो घ्यायचा, परत यायचं, आणि रात्रभर हेच. नवीन आलेल्या पोरांना वाटतं, अर्धी रात्र आपण काळोखाचे फोटो का काढतोय!

कोकणची हवा या कामाला अजिबात धार्जिणी नाही. पाण्याची वाफ इन्फ्रारेड गिळते. चिलीतल्या पारानाल वेधशाळेवर, २,६३५ मीटर उंचीवर, डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पाणी करून ओतली तर थर दोन-तीन मिलिमीटरचा होईल. मेमधल्या आपल्या घामट रात्री त्याच्या दहापट आणि वर. २.२ मायक्रॉनची खिडकी तेवढ्याने पूर्ण बंद होत नाही, पण धुरकटते. भारतात हे काम होतं ते उंचावर आणि कोरड्या जागी, जसं माउंट अबूच्या गुरुशिखरावर किंवा लडाखमधल्या हानलेला ४,५०० मीटरवर.

आता धूसरपणाकडे वळू, कारण दुसरी खरी भिंत तिथे आहे.

एस२ची पूर्ण लंबवर्तुळाकार कक्षा आकाशात टोकापासून टोकापर्यंत पाव आर्कसेकंदाची. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक आर्कसेकंद, त्याचा हा चौथा हिस्सा. देवगडहून पणजी सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. तिथे कोणी सोललेला नारळ धरून उभा राहिला तर तो तुम्हाला एवढा दिसेल. (गंमत म्हणजे केंद्राकडे तोंड केलंत की तुमचं तोंड साधारण पणजीकडेच असतं.) या नारळाच्या कडेवरून एक मुंगी १६ वर्षांत एक फेरी मारते, आणि तुम्हाला तिची चाल मोजायची आहे.

आठ इंची आरसा २.२ मायक्रॉनला, हवा अजिबात नसती तरी, पावणेतीन आर्कसेकंदांपेक्षा बारीक काही वेगळं दाखवू शकत नाही. म्हणजे असे दहा-अकरा नारळ एकाच डागात मिसळणार. हा प्रकाशाचाच नियम आहे, कॅमेरा बदलून तो मोडत नाही. केकचा दहा मीटरचा किंवा पारानालचा ८.२ मीटरचा आरसा घेतला तर हा आकडा ०.०६ आर्कसेकंदाच्या आसपास येतो आणि मुंगी नारळापासून वेगळी दिसू लागते. पण कागदावरच. वरची हवा थरथरत असते आणि चांगल्यातल्या चांगल्या जागीही तारा अर्ध्या-पाऊण आर्कसेकंदाएवढा पसरतो.

चिऱ्याच्या विहिरीत कळशी पडल्यावर गळ टाकून काढायला बसलाय कधी? पाणी डचमळत असताना तळाची कळशी तुकड्यातुकड्यांत दिसते, एक तुकडा इथे, एक तिथे. पण अधूनमधून क्षणभर एखादा तुकडा लख्ख दिसतो आणि आपण तेवढ्यात नेम धरतो. १९९० च्या दशकात हेच केलं गेलं. जर्मनीतल्या गार्शिंगच्या राइनहार्ड गेंझेल यांच्या गटाने १९९२ पासून चिलीतल्या ला सिला इथून, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या अँड्रिया गेझ यांच्या गटाने १९९५ पासून केकवरून, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासचे हजारो फोटो घेतले. प्रत्येक फोटोत हवा गोठलेली, तारा ठिपक्याठिपक्यांत फुटलेला. मग प्रत्येक फोटोतला सगळ्यात ठळक ठिपका एकाच जागी येईल असे ते सरकवून एकावर एक रचायचे. रचता रचता धुक्यातून टोकदार तारे वर येतात. पहिल्यांदा हे स्वतःच्या हाताने केलं तेव्हा स्क्रीनवरचं भाताच्या पेजेसारखं काहीतरी अचानक शितं शितं होऊन सुटं झालं होतं. मी चहा सांडला होता.

पुढे अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स आलं. एका ताऱ्याकडे बघत हवेची थरथर सेकंदात शेकडो वेळा मोजायची आणि एक छोटा लवचीक आरसा तितक्याच वेळा उलट वाकवायचा. अडचण अशी की मोजायला जवळ तेजस्वी तारा लागतो, आणि धुळीमुळे केंद्राजवळ डोळ्यांना दिसणारा तसा ताराच नाही. पारानालवाल्यांनी (गेंझेल यांचा गट तोवर तिथे आला होता) थरथर मोजणारा सेन्सरच इन्फ्रारेडचा बनवला आणि जवळच्या आयआरएस-७ या लाल ताऱ्यावर भागवलं. केकवाल्यांनी पिवळा लेसर सोडून ९० किलोमीटरवरच्या सोडियमच्या थरात स्वतःचा कृत्रिम तारा पेटवला. दोन गट, एकच प्रश्न, दोन वेगळे जुगाड. आणि दोघांची उत्तरं जुळली, म्हणून जगाने विश्वास ठेवला.

इथपर्यंत आलात की तुमच्या हातात टोकदार प्रतिमा आहेत. बहुतेक लेख इथे संपतात. मला मात्र आत्ता कुठे मुद्द्याला हात घालायचाय.

आमच्याकडे एक म्हातारे तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख, होते. जीपीएस यायच्या आधी ते पाण्याखालचं खडप नेमकं शोधायचे. किनाऱ्याकडे बघत बोट पुढेमागे करायची. देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या सोंडेच्या रेषेत आला की एक खूण जुळली. मग बाजूला बघायचं. किल्ल्याचा बुरूज अमुक माडांच्या रेषेत आला की दुसरी. दोन्ही जुळल्या की जाळं टाक. मी पोरवयात विचारलं होतं, एकच खूण धरली तर? म्हणाले, "मग त्या रेषेवर रातभर फिरत ऱ्हव." एका वर्षी कोणीतरी ते माड तोडले आणि त्यांचा अख्खा हंगाम चुकला.

एस२ किती सरकला, हे कशाच्या मानाने मोजायचं? आजूबाजूचे सगळे तारे स्वतःही फिरताहेत. कॅमेऱ्याच्या भिंगामुळे प्रतिमा कडेला किंचित ओढली जाते, आणि ती ओढ वर्षागणिक बदलू शकते. पारानालच्या नाको या कॅमेऱ्यात एक पिक्सेल सुमारे १३ मिलिआर्कसेकंदांचा होता, आणि ताऱ्याची जागा हवी होती त्या पिक्सेलच्याही तिसाव्या-चाळिसाव्या भागापर्यंत. ज्याच्याभोवती सगळं फिरतंय ते कृष्णविवर तर इन्फ्रारेडमध्ये बहुतेक वेळ दिसतच नाही. ते ठळक दिसतं रेडिओत; १९७४ मध्ये बॅलिक आणि ब्राउन यांनी ते रेडिओतच शोधलं. म्हणजे खडप एका नकाशावर आणि बोट दुसऱ्या.

दोन नकाशे जुळवायला असे दिवे लागतात जे दोन्हीकडे दिसतील. ते सापडले. केंद्राच्या परिसरात काही म्हाताऱ्या लाल राक्षसी ताऱ्यांभोवतीचा सिलिकॉन मोनॉक्साइड वायू नैसर्गिक मेसरसारखा, म्हणजे रेडिओ लहरींच्या लेसरसारखा, रेडिओत झळकतो, आणि तेच तारे इन्फ्रारेडमध्येही तेजस्वी असतात. मूठभरच आहेत, पण केंद्राच्या सगळ्या बाजूंना विखुरलेले. रेडिओ दुर्बिणींनी त्यांच्या जागा आणि चाल सॅजिटेरियस ए-स्टारच्या मानाने मोजली, तेच तारे इन्फ्रारेड फोटोत ओळखले, आणि त्यांच्या आधाराने दोन नकाशे एकमेकांवर खिळ्यांनी ठोकले. मग पहिल्यांदा फोटोवर बोट ठेवून म्हणता आलं की इथे, जिथे काहीच दिसत नाही, इथे ते आहे. आणि एस२च्या लंबवर्तुळाची नाभी बरोबर तिथेच पडली.

हे मी इतकं रंगवून सांगतो कारण याच जागी मी स्वतः तोंडावर आपटलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका दुर्बिणीवरच्या प्रतिमांमध्ये, दोन वर्षांच्या अंतराने, मला एका तारकागुच्छाच्या कडेचा तारा चांगला अर्धा पिक्सेल सरकलेला दिसला. तीन आठवडे मी हवेत. आधाराला मी चार तारे घेतले होते, चारही एकाच बाजूचे, कारण तिकडे ते ठळक होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एवढंच विचारलं, "बाकीच्यांचे बाण काढलेस का?" त्या रात्री फोटोतल्या सगळ्या ताऱ्यांच्या सरकण्याचे बाण काढले. मध्ये शून्य, कडेला मोठे, आणि सगळे मिळून पाण्यातल्या भोवऱ्यासारखे गोल. मध्यंतरी कॅमेरा सफाईसाठी उतरवून पुन्हा बसवला होता आणि बोल्ट आवळताना तो केसभर फिरला होता. माझा तारा जागचा हललाच नव्हता. एकच खूण धरली होती मी, आणि रातभर रेषेवर फिरत होतो.

जागा नीट कळली की पुढचं गणित तुम्ही आत्ता मोबाइलवर करू शकता. एस२च्या कक्षेची अर्धी लांबी पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १,०३५ पट आहे आणि फेरीला १६.०५ वर्षं लागतात. केप्लरचा तिसरा नियम घ्या: पहिल्या आकड्याचा घन करा, दुसऱ्याच्या वर्गाने भागा. ४३ लाख येतील. इतक्या सूर्यांचं वस्तुमान मधल्या त्या काळ्या जागेत आहे.

"१,०३५ पट कशावरून?" असं विचारलंत तर शाबास. फोटोतून फक्त कोन मिळतो. किलोमीटर मिळवायला अंतर लागतं. ते वर्णपटातून, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातून आलं, आणि इथे मला विजयदुर्ग आठवतोच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची पट्टी आपल्या किल्ल्यावरून गेली होती, तिथले ग्रहण बघण्यासाठीचे साहेबाचे कट्टे तुम्ही पाहिले असतील. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात जी अनोळखी पिवळी रेषा दिसली, ती पुढे हेलियमची ठरली. एस२च्या इन्फ्रारेड वर्णपटात मुख्य खुणा दोनच: २.१६६ मायक्रॉनची हायड्रोजनची रेषा आणि २.११ मायक्रॉनजवळची, त्याच हेलियमची. रेषा जागेवरून किती हलली त्यावरून तारा आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर सेकंदाला किती किलोमीटर वेगाने जातोय ते थेट किलोमीटरमध्ये कळतं. फोटोतला कोन आणि वर्णपटातले किलोमीटर एकाच कक्षेत बसवले की अंतर आपोआप बाहेर पडतं.

१९ मे २०१८ ला एस२ केंद्राच्या सगळ्यात जवळ आला, पृथ्वी-सूर्य अंतराच्या १२० पटीवर. नेपच्यून सूर्यापासून जितका लांब, त्याच्या चौपट. वेग सेकंदाला सुमारे ७,६५० किलोमीटर. रोह्यापासून ठोकूरपर्यंतची ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे एका सेकंदात दहा वेळा. तोवर पारानालवर ग्रॅव्हिटी हे उपकरण आलं होतं, जे चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून १३० मीटरच्या एका आरशाएवढी बारकाई देतं. त्या वेळी रेषा साध्या वेगाच्या हिशेबापेक्षा सेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपास जास्त तांबड्याकडे सरकलेली सापडली. सापेक्षता सिद्धांत जी ताम्रसृती सांगतो, तीच ही. २०२० मध्ये हेही मोजलं गेलं की लंबवर्तुळ स्वतःच दर फेरीला सुमारे १२ आर्कमिनिटं, म्हणजे अंशाच्या पाचव्या भागाएवढं, वळतं. त्याच वर्षी गेंझेल आणि गेझ यांना नोबेलचा अर्धा हिस्सा मिळाला, उरलेला रॉजर पेनरोझ यांना. निवेदनातले शब्द जपून वापरले होते, केंद्रातली "अतिप्रचंड वस्तुमानाची सघन वस्तू". कृष्णविवर हा शब्द या दोघांच्या वाट्याच्या वाक्यात नाही. मला तो काटेकोरपणा आवडला. १२० पटीच्या आत काय आहे ते एस२ एकटा सांगू शकत नाही. पण २०१८ मध्येच ग्रॅव्हिटीने केंद्राजवळून उठलेल्या इन्फ्रारेड भडक्यांचे ठिपके प्रकाशाच्या ३० टक्के वेगाने, तासाभरापेक्षा कमी वेळात फेरी मारताना पाहिले. तेवढ्या जागेत ४३ लाख सूर्य मावायला दुसरं काही सुचत नाही. २०२२ च्या मेमध्ये आलेलं या कृष्णविवराचं नारिंगी कड्याचं चित्र मात्र १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींचं होतं. लोक दोन्हीची गल्लत करतात म्हणून सांगितलं.

जी२ बद्दलही थोडं, कारण तुमच्या वयाच्या मुलांना तेच जास्त भावतं. २०११ च्या अखेरीस वायूचा एक ढग केंद्राकडे झेपावतोय असं जाहीर झालं. २०१४ मध्ये कृष्णविवर त्याला गिळणार, आतषबाजी होणार, अशी हवा झाली. तो जवळून गेला आणि बराचसा धड राहिला. ढगाच्या पोटात तारा लपलेला असावा, असं बऱ्याच जणांचं मत झालं. तशाच आणखी वस्तू पुढे सापडल्या आणि २०२४ च्या डिसेंबरात केंद्राजवळ एक जोडतारासुद्धा मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. कृष्णविवर म्हणजे सगळं ओढून घेणारा भोवरा, हे चित्र यामुळे मोडलं तर बरंच. दूर असलेल्याला ते नुसतं फिरवतं.

व्हिडिओचं बोलायचं तर दोन प्रकार फिरतात. एकात खऱ्या प्रतिमा वर्षांच्या क्रमाने लावलेल्या असतात. त्यात तारे थोडे थरथरतात, मध्येच एखादा फुगतो, दोन मिसळून एक होतात. दुसऱ्यात मोजलेल्या जागांवर बसवलेल्या कक्षा घेऊन तारे त्यांवरून गुळगुळीत फिरवलेले असतात. खोटा एकही नाही. तरी थरथरणारा शोधून बघा. त्यात मेहनत दिसते.

आता तुम्ही काय करावं, हे तुम्हाला नेमकं काय हवंय त्यावर आहे. नुसतं एस२चं काम अनुभवायचं असेल तर घराबाहेर पडायची गरज नाही. पारानाल आणि केक या दोन्हींच्या जुन्या कच्च्या प्रतिमा त्यांच्या संग्रहांत सगळ्यांसाठी खुल्या आहेत. नाकोच्या प्रतिमांमधल्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या उतरवा, पायथॉन येत असेल तर त्यात, नाहीतर डीएस-नाइन या प्रतिमा बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, आणि खुणा जुळवायला बसा. पहिले दोन महिने काही जुळणार नाही. आधारतारे सगळ्या बाजूंचे घ्या, एवढं तरी माझ्याकडून शिका.

आणि स्वतःच्या दुर्बिणीने करायचं असेल तर बार्नार्डचा तारा धरा. तो भुजंगधारीत आहे, केंद्राच्याच रेखावृत्ताजवळ पण बराच उत्तरेला, म्हणजे हंगाम तोच आणि उंची जास्त. तेजस्वितेची प्रत साडेनऊ, आठ इंचाला सहज. आकाशात तो वर्षाला १०.४ आर्कसेकंद सरकतो, एस२च्या अख्ख्या कक्षेच्या चाळीसपट! तुमची डॉब्सोनियन ताऱ्याच्या मागे फिरत नाही, म्हणून पाव-पाव सेकंदाचे शंभर फोटो घ्या आणि एकावर एक रचा. शितं सुटी होताना तुम्हालाही दिसतील. यंदा एप्रिलात एक संच, पुढच्या एप्रिलात दुसरा. महिना तोच ठेवा, नाहीतर पृथ्वी सूर्याभोवती फिरल्यामुळे होणारं डोलणं खऱ्या चालीत मिसळेल.

सड्याबद्दल एक. कातळ दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती सगळी ऊब वर सोडतो. नऊ-दहा वाजता तारे तव्यावरून बघितल्यासारखे उकळतात. मतलई वारा सुटला की कातळ निवतो. मला स्वतःला पहाटे तीननंतरच कामाचे फोटो मिळालेत. पश्चिमेला एलईडी लावलेल्या बोटी असतील तर त्या रात्री दुर्बीण काढूच नका. आणि खाऱ्या हवेने आरशाचा मुलामा उडतो, म्हणून काम झालं की दव पुसायच्या भानगडीत न पडता आरसा आपोआप सुकू द्या आणि मगच झाकण लावा. ओल्यावर झाकण घातलं की मीठ आतच राहतं. माझा पहिला आरसा असाच गेला.

दोन्ही एप्रिलचे फोटो हातात आले की आधी सगळ्या ताऱ्यांचे बाण काढा, मग बार्नार्डकडे बघा. एस२ पुन्हा जवळ येईल तो २०३४ च्या मध्याला, तोवर हात बसलेला असेल.